सकाळी अकराचा प्राइम टाइम

भोसरीच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या कारखान्यांनी एकाच वारी बंद राहून उरलेले सहा दिवस विजेवर तुटून पडू नये, म्हणून वार वाटून देण्याची पद्धत पडली आणि या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं असेल, पण लेथ, मिलिंग, प्रेस, पावडर कोटिंग असली कामं करणारी छोटी वर्कशॉप गुरुवारी शटर ओढतात आणि रविवारी मशिनं चालू ठेवतात. गावाकडून नवीन आलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. लग्नं रविवारी, शाळेला सुट्टी रविवारी, पाहुणे रविवारी. आणि घरचा कर्ता पुरुष डबा घेऊन कामावर.

रामानंद सागर यांचं ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालं आणि ते दर रविवारी सकाळी लागायचं. त्या वेळी रस्ते कसे ओस पडत, टीव्हीला हार घालून उदबत्ती कशी लावली जाई, याच्या कथा आपण इतक्यांदा ऐकल्यात की त्याही मूळ मालिकेतच होत्या असं वाटावं. दापोडीतल्या माझ्या मामांकडे मात्र यातली एकही कथा नाही. ते भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. रविवारी सकाळी त्यांच्यासमोर चकमध्ये धरलेला रॉड फिरत असायचा. संध्याकाळी सायकलवरून नाशिक फाटा, कासारवाडी, फुगेवाडी करत घरी आले की मामी त्या दिवशीचा भाग सांगायची, तोही कणीक मळता मळता, थोडक्यात. राम वनवासाला निघाला. भरत आला, पादुका घेऊन गेला. सीताहरणाला तिने जरा जास्त वेळ दिला होता, एवढं मामांच्या लक्षात आहे.

‘रामायण’ त्यांनी स्वतः पाहिलं ते २०२० साली.

करोनामुळे १९ मार्चपासून मालिकांची चित्रीकरणं थांबली होती. २५ मार्चला देशच बंद झाला. २७ तारखेला तेव्हाचे माहिती व प्रसारणमंत्री प्रकाश जावडेकर (म्हणजे आपले पुण्याचेच) यांनी जाहीर केलं की उद्यापासून ‘रामायण’ पुन्हा दाखवणार. सकाळी नऊला एक भाग, रात्री नऊला पुढचा. १९८७-८८ मध्ये दीड वर्ष पुरलेली गोष्ट या वेळी १८ एप्रिलला संपलीसुद्धा. त्या तीन आठवड्यांत मामांच्या घरात जे चाललं होतं त्याचं मला फार कौतुक वाटतं. एकाच खोलीत, एकाच टीव्हीसमोर, एकाच वेळी मामी जुनी मालिका पुन्हा पाहत होती आणि शेजारच्या खुर्चीवर मामा ती पहिल्यांदा पाहत होते. मंथरा पडद्यावर आली की मामी सरसावून बसायची, आणि पुढे काय होणार ते तिच्या तोंडून निसटायचंच. मामा वैतागायचे. “अगं, बघू दे की जरा.” त्यावर तिचं ठरलेलं उत्तर: “अहो, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलंय सगळं.”

पुनःप्रक्षेपण म्हटलं की आपण लगेच आठवणींच्या गोष्टी करायला लागतो. ते बालपण, ती चाळ, तो ‘ब्लॅक अँड व्हाइट’. दिवाळी अंकांत तर या विषयावर दरवर्षी एक तरी गहिवर ठरलेला. पण दापोडीसारख्या गावात थोडी विचारपूस केली की लक्षात येतं, जुनी मालिका पाहणाऱ्यांतले बरेच जण मागे वळून वगैरे पाहत नसतात. त्यांची ती पाहायची राहिलेली असते. कुणाची पाळी होती, कुणाकडे टीव्हीच नव्हता, कुणाला लहान मूल होतं, कुणाच्या भागात नेमकं त्या वेळी भारनियमन होतं. टीव्हीचं वेळापत्रक ज्याने ठरवलं त्याच्या डोळ्यांसमोर सकाळी दहाला ऑफिसात जाऊन संध्याकाळी सहाला परतणारा माणूस होता. पाळीत काम करणाऱ्याचा विचार त्यात नव्हता. तो नंतर, पुनःप्रक्षेपणाने केला, आणि तोही नकळत.

दापोडी हे पाळ्यांचंच गाव. मुळा नदी ओलांडून हॅरिस पुलावरून पुण्यातून बाहेर पडलं की डावी-उजवीकडे जे लागतं ते. एका अंगाला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाची, म्हणजे सीएमईची भिंत, मध्ये मुंबई-पुणे रस्ता, पलीकडे लोणावळा लोकलचे रूळ. एसटीचं मध्यवर्ती कार्यशाळेचं आवार इथलंच. महाराष्ट्रभर धावणाऱ्या लाल गाड्यांच्या बॉड्या जिथे चढतात त्या तीन ठिकाणांपैकी हे एक. अल्फा लावल, सँडविक ही नावं इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी शेजाऱ्यांच्या नावांसारखी येतात. पूर्वी या गावातून माणसं पिंपरी-भोसरीला जायची, आता पुढची पिढी कंपनीच्या बसने चाकणला जाते. मामेभाऊ त्यातलाच. त्याची पाळी आठवड्याला फिरते: फर्स्ट, सेकंड, नाइट.

त्याचं टीव्ही पाहणं मी जवळून पाहिलंय. सेकंडचा आठवडा असला की तो दुपारी निघतो आणि मध्यरात्रीनंतर परततो. म्हणजे वाहिन्यांच्या भाषेत ज्याला प्राइम टाइम म्हणतात, तो रात्री आठ ते दहाचा वेळ त्याने गेल्या कित्येक वर्षांत महिन्यातून जेमतेम काही दिवस घरी काढलाय. सकाळी तो उशिरा उठतो. अंघोळ करून, ताट मांडीवर घेऊन अकराच्या सुमाराला टीव्ही लावतो. त्या वेळी कुठलीही वाहिनी लावा, काल रात्रीचं किंवा पाच वर्षांपूर्वीचं काहीतरी चालू असतं. आमच्या लेखी ते शिळं. त्याच्या लेखी तो दिवसाचा मुख्य कार्यक्रम. मागे एकदा मी त्याला म्हटलं, “फोनवर बघत जा की, हवं तेव्हा.” तो म्हणाला, “फोनवर शोधावं लागतं. इथे लागलेलं असतं.”

या वाक्यात पुष्कळ काही आहे. आठ तास मशिनसमोर सतत निर्णय घेऊन आलेल्या माणसाला काय पाहू हा आणखी एक निर्णय नको असतो. फोनवर, ओटीटीवर हजार गोष्टी असतात, म्हणजे हजार वेळा नाही म्हणावं लागतं. टीव्हीवर कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि लागलेलं आपल्याला माहितीतलं असेल तर सोन्याहून पिवळं. मधूनच शिरता येतं, मधूनच उठता येतं. कुकरची शिट्टी झाली, दारावर कुरिअरवाला आला, काही बिघडत नाही. परत येऊन बसलं की आपण कुठे आहोत ते कळतं. नव्या मालिकेला लक्ष द्यावं लागतं, जुनीला दिलं तर द्यावं.

आता या घडीला आपल्याला वाटतं की जुने कार्यक्रम कायम कुठे तरी असणारच. तसं नव्हतं. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. दापोडीतल्या छपरांवरचे अँटेना तेव्हा सगळे दक्षिणेला, जरासे नैर्ऋत्येकडे, सिंहगडाच्या रोखाने उभे असत. वारा सुटला की गल्लीतला एक पोरगा वर आणि एक दारात, “आलं का?” “अजून जरा फिरव,” असा संवाद चालायचा. शेजारून एखादी मोटारसायकल गेली की तिच्या प्लगच्या ठिणगीचे ठिपके पडद्यावर उमटत. आज मेट्रोने फुगेवाडीहून दापोडी स्टेशनकडे येताना खिडकीतून खाली पाहिलं तर छपरांवर छत्र्याच छत्र्या दिसतात आणि त्या बहुतेक आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या असतात, कारण त्यांचे उपग्रह त्या अंगाला, विषुववृत्ताच्या वर आहेत.

त्या अँटेनांनी जे पकडलं त्यातलं बरंचसं आज कुठेच नाही. विनायक चासकर, सुरेश खरे, विजया जोगळेकर-धुमाळे या मंडळींनी तेव्हा ‘गजरा’सारखा कार्यक्रम उभा केला. चिं. वि. जोशींच्या कथांवरून ‘चिमणराव’ आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. त्या पिढीला आजही बाळ कर्वे हे नाव सांगा, तोंडून गुंड्याभाऊच येईल. पण टेप परदेशी आणि महाग. कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर पुढचं चित्रित करायचं, ही तेव्हाची काटकसर. पुन्हा कधी कुणाला हे पाहावंसं वाटेल, ही कल्पनाच व्यवहारात नव्हती. यात आपल्याच लोकांना नावं ठेवायला नकोत. ब्रिटनच्या बीबीसीनेही हेच केलं. ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या लाडक्या मालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असेच गेले आणि त्यांची शोधाशोध पुढे अनेक दशकं चालली.

अमेरिकेत मात्र एका जोडप्याला हे अगोदर सुचलं. ल्यूसिल बॉल आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांनी १९५१ मध्ये ‘आय लव्ह ल्यूसी’ सुरू केली, ती थेट प्रक्षेपणाऐवजी सिनेमाच्या फिल्मवर चित्रित करून. पुढे ल्यूसिल बाळंतपणाला गेली तेव्हा नवे भाग पुरेनात, म्हणून जुने लावले. लोकांनी ते आवडीने पाहिले आणि वाहिन्यांना कळलं की एकदा खर्च करून ठेवलेली गोष्ट पुन्हा पुन्हा पैसे देते. पुनःप्रक्षेपणाचा सगळा धंदा त्या बाळंतपणातून जन्माला आला म्हटलं तरी चालेल.

आपल्याकडे हा धंदा उमगायला बराच वेळ लागला, आणि त्याचा संबंध टीव्हीच्या मोजणीशी आहे. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू केलं, त्याचंच पुढे ‘फ्री डिश’ झालं. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. खेड्यापाड्यांत आणि शहरांच्या कडेला, जिथे महिन्याला दोन-तीनशे रुपये ही विचार करायची रक्कम असते, तिथे ही छत्री पोचली. आज ती चार कोटींहून जास्त घरांवर आहे. त्यात खाजगी वाहिन्यांना जागा हवी तर लिलावात बोली लावायची. मग नव्या मालिका फुकट का दाखवायच्या? मोठ्या कंपन्यांनी जुन्या मालिकांच्या वेगळ्या वाहिन्या काढल्या. स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, रिश्ते. २०१५ च्या ऑक्टोबरात बार्क या संस्थेने ग्रामीण भागातलीही प्रेक्षकसंख्या मोजायला घेतली आणि मुंबईतल्या कार्यालयांत बसलेल्यांचे डोळे पांढरे झाले. शिळ्या मालिकांच्या या फुकट वाहिन्या यादीत वरच्या जागा पटकावून बसल्या होत्या. मग गाजराची पुंगी सुरू झाली. २०१९ मध्ये नवा दरनियम आल्यावर मोठ्या कंपन्यांनी आपल्या वाहिन्या फ्री डिशवरून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या, २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. प्रेक्षकाला यातलं काहीच कळत नाही. एक दिवस बटण दाबलं की त्याची मालिका नसते, एवढंच.

दापोडीत फ्री डिशपेक्षा केबल जास्त. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१३ च्या मार्चअखेर सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, तेव्हापासून केबलवाल्याचं काम निम्मं तांत्रिक आणि निम्मं समुपदेशनाचं झालंय. एका केबलवाल्याशी बोलत बसलो होतो. त्याच्या अनुभवात क्रिकेटची वाहिनी गेली तर तरुण फोन करतात आणि एक-दोन शिव्या देऊन दुसरी सोय पाहतात. म्हातारी माणसं वेगळी. सह्याद्रीचा नंबर बदलला की ती थेट दुकानात येतात, बरोबर रिमोट घेऊन. २०१९ च्या दरनियमाने १३० रुपये अधिक जीएसटीत शंभर वाहिन्या आणि त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या सक्तीच्या केल्या, त्यामुळे सह्याद्री बंद होत नाही, फक्त सरकते. पण ज्यांना वाहिनी नावाने नाही, बोटाच्या सवयीने माहीत असते, त्यांच्यासाठी सरकणं म्हणजे हरवणंच. तो केबलवाला आता नंबर बदलले की ठरावीक घरी स्वतः जाऊन बटणं दाबून दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही. चहा घेतो.

मला उत्सुकता होती ती वेगळ्याच गोष्टीची. पुन्हा पाहायला लोकांना नेमकं काय आवडतं? उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा कमी हळवं निघालं. ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ यांची नावं सगळे प्रेमाने घेतात. पण रोज प्रत्यक्ष पाहतात ते ‘सीआयडी’ आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. ‘सीआयडी’ १९९८ च्या जानेवारीत सुरू झाली, वीस वर्षं चालली, २०१८ मध्ये थांबली, आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. मधली सहा वर्षं ती बंद होती हे मामीला माहीतच नव्हतं. तिच्या टीव्हीवर ती कधी थांबलीच नाही. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवत विचार करतो, दया दार तोडतो, प्रयोगशाळेत साळुंके करवादतो. खून कुणी केला हे मामीला बहुधा आठवत असतं. आठवत नसलं तरी चेहऱ्यावरून ओळखते. एकदा मी विचारलं, मग बघतेस कशाला? ती म्हणाली, “पकडतात कसं ते बघायचं असतं.”

हे ऐकल्यावर मला ‘सीआयडी’चं रहस्य उलगडल्यासारखं झालं. तो गुन्हेशोधाचा कार्यक्रम नाहीच, विधी आहे. प्रेत, पंचनामा, संशयित, थप्पड, कबुली. क्रम चुकत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की कथेचा शेवट आधी सांगितला तरी वाचणाऱ्यांची गोडी कमी होत नाही, उलट थोडी वाढते. आपल्या माणसांना यासाठी प्रयोगाची गरज नव्हती. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीचा मुक्काम करून पुण्याकडे येते ती दापोडीवरूनच. वर्षानुवर्षं तेच अभंग, तोच क्रम, आणि रस्त्याच्या कडेला तीच माणसं. कीर्तनात कुणी “पुढे काय झालं, सांगू नका” म्हणत नाही. ज्या पुण्यात विजयानंद टॉकीजला ‘सांगत्ये ऐका’ शंभराहून अधिक आठवडे चालला, तिथले सगळे प्रेक्षक दर आठवड्याला नवे नव्हते, हे उघड आहे. आणि प्रशांत दामले १२ हजार ५०० व्या प्रयोगाला उभे राहतात तेव्हा समोरच्या कितीतरी लोकांना विनोद पाठ असतो. हशा तरीही पडतोच, किंबहुना थोडा आधीच पडतो.

‘सांगत्ये ऐका’वरून आठवलं. लॉकडाऊनमध्ये ‘रामायण’ पाहताना मामांचं लक्ष भलतीकडेच होतं. कौसल्येचं काम जयश्री गडकरांनी केलंय आणि दशरथाचं त्यांचे पती बाळ धुरींनी, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांची जयश्री गडकर म्हणजे ‘सांगत्ये ऐका’सारख्या तमाशापटातली, तरुणपणी तिकिटाच्या रांगेत उभं राहून पाहिलेली. ती अचानक पांढरे केस आणि मुकुट घालून रामाला निरोप देताना दिसली आणि मामा दोन मिनिटं राम-सीता सोडून तिच्याकडेच पाहत राहिले. मंथरा झालेल्या ललिता पवार तर त्यांनी आवाजावरूनच ओळखल्या. मामीसाठी हे सगळे देवादिकांच्या कथेतले लोक होते, मामांसाठी मराठी पडद्यावरची ओळखीची माणसं नव्या कामाला लागलेली. जुनी मालिका पुन्हा लागते तेव्हा पाहणारा जुना राहिलेला नसतो, आणि नटही नसतात. जयश्रीबाई २००८ साली गेल्या, ललिताबाई १९९८ मध्ये. रावणाचं काम केलेले अरविंद त्रिवेदी मात्र तेव्हा हयात होते. सीताहरणाचा प्रसंग घरच्या टीव्हीवर पाहून त्यांनी हात जोडल्याची चित्रफीत त्या एप्रिलमध्ये सगळीकडे फिरली. मामीने ती आम्हाला सगळ्यांना पाठवली, दोनदा.

त्या पुनःप्रक्षेपणाचे आकडेही गाजले. बार्कच्या मोजणीत २०१५ पासून हिंदी करमणूक वाहिन्यांवर कुठल्याच मालिकेला एवढे प्रेक्षक मिळाले नव्हते, आणि बरीच वर्षं खालच्या बाकावर बसलेलं दूरदर्शन काही आठवडे देशात सगळ्यात जास्त पाहिली जाणारी वाहिनी ठरलं. १६ एप्रिलच्या भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक लाभले, हा जागतिक विक्रम आहे, असंही दूरदर्शनने जाहीर करून टाकलं. तो विक्रम काही टिकला नाही. अमेरिकेतल्या ‘मॅश’चा १९८३ मधला शेवटचा भाग दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला होता, हे लगेच कुणीतरी दाखवून दिलं. पण सात कोटी काय कमी आहेत? नसत्या विक्रमाची हौस आपल्याला फार.

त्याच महिन्यात ‘डीडी रेट्रो’ नावाची जुन्या मालिकांची वेगळी वाहिनीच सुरू झाली. ‘महाभारत’, ‘ब्योमकेश बक्षी’, ‘सर्कस’, ‘शक्तिमान’, ‘चाणक्य’ अशी दूरदर्शनने आपली कोठारंच उघडली. मराठी वाहिन्यांनी अमोल कोल्हे यांना परत बोलावलं, कुठे शिवाजी महाराज म्हणून, कुठे संभाजी महाराज म्हणून. शेजारच्या भोसरीत ते खासदारही होते, त्यामुळे त्या एप्रिलमध्ये भोसरीकरांना आपला खासदार एवढ्या नियमितपणे दिसायचा की पूर्वी कधी दिसला नसेल.

मात्र सगळी दापोडी हात जोडून ‘रामायणा’समोर बसली होती, असं लिहिलं तर ते खोटं होईल. इथे बौद्ध कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. मामांच्याच गल्लीतल्या, एसटीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मी याबद्दल विचारलं तेव्हा ते हसले. १९८७ मध्ये त्यांच्या घरी टीव्हीला हार नव्हता, आणि रविवारी सकाळी पोरं शेजारी पाहायला गेली तर ती पाहून येत, घरी त्याची चर्चा होत नसे. २०२० चा १४ एप्रिल मात्र त्यांना स्वच्छ आठवतो. जयंतीची मिरवणूक नाही, डीजे नाही, विहारात गर्दी करायची नाही. घरातच मेणबत्त्या लावून सगळे टीव्हीसमोर बसले आणि जब्बार पटेलांचा, मामुट्टींनी बाबासाहेब उभे केलेला चित्रपट पाहिला. तो त्यांनी आधी किती वेळा पाहिलाय याची मोजदाद नाही. दरवर्षी पाहतात. नातवंडांना महाडच्या सत्याग्रहाचा प्रसंग संवादासकट येतो. ‘तो सोनेरी काळ’ वगैरे म्हणताना आपण कुणाच्या घरातून बोलतोय, ते तपासायला हवं. एका खोलीतल्या गहिवराला शेजारच्या खोलीत काहीच अर्थ नसतो, आणि तिथला गहिवर आपल्या खिजगणतीत नसतो.

जुन्या मालिका चांगल्याच होत्या, असंही मला म्हणायचं नाही. पुन्हा पाहताना कितीतरी गोष्टी खटकतात. बाण हवेत एकमेकांकडे चालत येतात तो वेग, दर दोन वाक्यांनंतर सगळ्यांच्या चेहऱ्यांवर आळीपाळीने जाणारा कॅमेरा, सोसणं हाच सगळ्या बायकांचा गुण. ‘गोट्या’ किंवा ‘टिपरे’ टिकतात, कारण लिहिणाऱ्याला माणसं माहीत होती. प्रभावळकरांच्या आबांची कुरकुर आजही घरोघरच्या आबांना चपखल बसते. ‘हास्यजत्रा’ कशाने टिकते, हे मात्र मला अजून नीट सांगता येत नाही. तिचे जुने भाग दिवसभर कुठे ना कुठे चालू असतात. मामेभाऊ नाइट करून सकाळी घरी आला की ती लावतो आणि समीर चौघुले काय म्हणणार ते त्यांच्या आधी पुटपुटत चहा पितो. हसत नाही. चेहरा मात्र सैल होतो. मग तो पडदे ओढून झोपतो आणि टीव्ही मामीच्या ताब्यात जातो.

एका वेळी एकच गोष्ट लागते आणि ती सगळ्यांना एकाच वेळी दिसते, याचं महत्त्व मला तिथेच जास्त जाणवतं. मामेभावाच्या मुलीने आजीला एकदा फोनवर ‘सीआयडी’ लावून दिलं. यूट्यूबवर आहेच ते, जाहिराती कमी, थांबवता येतं, मागे नेता येतं. मामीने दोन भाग पाहिले आणि फोन परत दिला. तिची तक्रार मजेशीर होती. फोनवरचं ‘सीआयडी’ पाहून झाल्यावर शेजारच्या काकूंशी त्यावर बोलता येत नाही. त्यांनी ते पाहिलेलं नसतं, त्यांनी दुसरंच काहीतरी पाहिलेलं असतं. टीव्हीवर लागलं की भिंतीपलीकडूनही तोच आवाज येत असतो. जाहिरात लागली की दोघी गॅलरीत येतात आणि जाहिरात संपायच्या आत खून कुणी केला ते ठरवून आत जातात. जाहिराती नसतील तर हे बोलणार कधी?

आता पुढे काय पुन्हा लागणार, याचा मी उगाच हिशेब मांडत होतो. ‘रामायण’ ७८ भागांचं, ‘महाभारत’ ९४, श्याम बेनेगल यांचं ‘भारत एक खोज’ ५३. हे सगळं काही आठवड्यांत नाही तर महिन्यांत उरकतं. पण त्यानंतर आल्या त्या रोजच्या मालिका. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तिचे भाग तीन हजारांवर. रोज एक दाखवायचा म्हटलं तरी आठ वर्षांच्या वर जातील. ‘तारक मेहता’ २००८ पासून चालूच आहे, आणि तिचे जुने भाग नव्या भागांच्या बरोबरीने वेगवेगळ्या वाहिन्यांवर फिरत असतात. त्यांचं मराठी रूपही ‘फक्त मराठी’ या वाहिनीवर येऊन गेलं. अशी मालिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा कोण दाखवणार, आणि पाहणार कोण? मी हे मामीला सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती. सुरुवातीपासून कशाला पाहायचं, हेच तिला कळेना. पोपटलाल, लग्न, गोकुळधाम एवढं माहीत असलं की झालं. कुठूनही बसावं, कुठूनही उठावं. मग तिने रिमोट माझ्याकडे सरकवला, हात ओले होते म्हणून, आणि म्हणाली, “अकरा वाजले बघ. लाव.”